तांब्यावरचं उपडं भांडं

सर कुणाच्याही घरी गेले की दारातच अडकायचे. "या ना सर, आत या," असं घरातलं माणूस दोनतीनदा म्हणायचं आणि सर मान वाकडी करून चपलांच्या स्टँडकडे बघत उभे. मग नजर हळूहळू आत सरकायची. सोफ्याचं कव्हर, टीव्हीचा रिमोट, खिडकीतली दोरी, दोरीवरचे नॅपकिन. समोर आलेल्या चहावर साय धरायची, तरी यांचं बघणं संपायचं नाही. गणपतीत आमच्या मुलुंड पूर्वेच्या बिल्डिंगमध्ये सगळे एकमेकांकडे दर्शनाला जातात. सर मूर्तीला कसेबसे हात जोडायचे आणि मखराच्या मागे कोंबलेल्या सामानात डोळे घालायचे.

"देव दर वर्षी तोच असतो," म्हणायचे. "मागे काय लपवलंय, ते बदलतं."

अशा माणसाला घरी बोलवायला लोक टरकायचे यात नवल नाही. मी तर जन्माची काळजीखोर. गॅस बंद केला का हे बघायला जिना उतरून परत वर येणाऱ्यांतली. त्यात डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या लिहून देताना सांगितलं, "मन कशात तरी गुंतवा." सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि रविवारी सकाळी आपल्या हॉलमध्ये मोठ्या माणसांचा क्लास घ्यायचे. तो हॉल आमच्या बरोब्बर एक मजला खाली होता. मन गुंतवायला याहून जवळची जागा मिळाली नसती.

पहिल्या दिवशी मला वाटलं, सफरचंद काढायला लावतील. सरांनी एक जाडजूड पुस्तक उघडलं. परदेशातली जुनी चित्रं. एक खोली, एक खिडकी, खिडकीशी पाठमोरी बाई, टेबलावर सुरई. बस्स. पान उलटलं तर दुसरी खोली, तीत ती बाईसुद्धा नाही.

"सर, यात आहे काय?" मी विचारलं.

सर याच प्रश्नाची वाट बघत असावेत. त्यांनी बोट ठेवून ठेवून सांगायला सुरुवात केली. ही मेणबत्ती विझलेली आहे, म्हणजे आयुष्य थोडं आहे. हे लिंबू अर्धं सोललेलं आहे. दिसायला सुरेख, खायला आंबट, तसा संसार. हा झाडू भिंतीला टेकवून कुणीतरी घाईनं गेलंय. या उंबऱ्यावरच्या सपाता बघा, बाई आत आहे, पण मनानं कधीच बाहेर पडली.

"आता आपल्याकडे मेणबत्ती फक्त लाइट गेल्यावर," ते म्हणाले. "आणि अर्धं लिंबू आपण फ्रिजच्या दारात ठेवतो. मग आपल्या माणसानं काय काढायचं?"

याचं उत्तर शोधण्यात त्यांनी उभा जन्म घातला होता. आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्या: ही बाई उद्याचा विचार करते. नाव घातलेला स्टीलचा डबा: कुणाचं तरी लग्न या घरात अजून संपलेलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट: या घराला सतत काहीतरी खराब होईल अशी धास्ती आहे.

आमच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी होती. वर रबरबँडही होता. त्या दुपारी घरी जाऊन मी दोन्ही काढलं, आणि रिमोटवर धूळ बसेल या काळजीनं संध्याकाळी परत घातलं.

चित्रात माणूस काढायला मात्र सक्त मनाई. "माणूस काढला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. आणि तोंड खोटं बोलतं. हँगर खोटं बोलत नाही."

आतून काकूंचा आवाज यायचा, "हँगर बोलता मा? मग तेकाच इचारा, दुपारी काय रांधूचा तां."

काकू म्हणजे सरांच्या मिसेस. दोघंही मालवणकडचे. सरांचे वडील गिरणीत होते, पण वर्षानुवर्षं शाळेत शिकवून सरांनी आपली भाषा इस्त्री करून घेतली होती. काकूंनी तसलं काही केलं नाही. त्या क्लासला कधी बसल्या नाहीत आणि क्लासमधलं एक वाक्यही त्यांनी चुकवलं नाही. स्वयंपाकघरातून त्यांची शेरेबाजी अखंड चालू असायची.

एका रविवारी सरांनी हॉलमधल्या स्टुलावरचं रात्रीच्या पाण्याचं तांब्या-भांडं आमच्यासमोर ठेवलं. पितळी तांब्या पाण्यानं भरलेला, आणि त्याच्या तोंडावर पाणी प्यायचं भांडं उपडं घातलेलं. आम्ही काढायला लागलो आणि सर बोलायला लागले. उपडं भांडं म्हणजे दिवस मिटला. घरानं ओठ मिटून घेतले. कुणीतरी कुणाच्या तरी तहानेची आधीच काळजी घेतली आहे, आणि ती काळजी बोलून न दाखवता झाकून ठेवली आहे. त्यांचा आवाज भरून आला होता. आमचे ब्रश थांबले.

"काय्येक नाय," आतून आवाज आला. "पाण्यात झुरळ पडता म्हणान झाकलंय."

सगळा क्लास खो खो हसला. सर नाही हसले. "झुरळ हा चित्राचा विषय नाही," एवढंच म्हणाले. पण तेव्हापासून आमचा एक खेळच झाला. सर फार खोल जायला लागले की आमच्यातलं कुणीतरी हळूच म्हणायचं, "पाण्यात…" आणि आतून काकू ठणकावून पूर्ण करायच्या, "झुरळ!" सर तोंड वाकडं करून ब्रश धुवायला उठायचे.

सगळंच त्यांना बरोबर वाचता यायचं असंही नाही. आमच्याकडे पलंगाखाली भरलेली सूटकेस बघून ते मला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाले होते, "मिस्टरांशी सगळं ठीक आहे ना?" सूटकेसमध्ये रजया होत्या. नवरा अजून आठवण काढतो. म्हणतो, "घर सोडून जाईन तर रजया घेऊन जाईन, सरांना सांगून ठेव."

पण एकदा बरोबर वाचलं, आणि ते महागात पडलं. तिसऱ्या मजल्यावर सत्यनारायण होता. सर दारात थांबले, चपलांच्या स्टँडकडे बघितलं आणि चारचौघांत यजमानांना म्हणाले, "चिरंजीव हल्ली ऑफिसला जात नाहीत वाटतं? बुटांवर धूळ आहे." यजमानांच्या हातात प्रसादाची वाटी होती. मुलाचा चेहरा बघवत नव्हता. त्याची नोकरी गेली होती आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. रोज सकाळी डबा घेऊन चपलांवरच निघायचा आणि मालाडला मित्राच्या खोलीवर बसून राहायचा. पूजा तशीच उरकली. त्यानंतर बिल्डिंगमधले चपलांचे स्टँड एकेक करून दाराआड गेले.

"देवान तुमका डोळे दिल्यान तां बरां केल्यान," काकू त्यांना म्हणाल्या, "पण तोंड कित्याक दिल्यान?"

सर खरोखर खजील झाले होते. मला म्हणाले, "मी बघितलं आणि मला दिसलं. दिसल्यावर गप्प कसं बसायचं, हे मला कुणी शिकवलं नाही."

काकूंना झटका आला तो एका संध्याकाळी. त्या जमिनीवर बसून नारळ खवत होत्या आणि खवणीवरून कलंडल्या. सर हॉलमध्येच होते. काकूंनी हाक मारली नाही, म्हणजे मारता आली नाही. खवण्याचा आवाज थांबला म्हणून ते आत गेले. मी आणि नवरा खाली धावलो, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी काकूंचा उजवा हात धरून बसले होते. त्या हातात काही जोर नव्हता. डोळे उघडे होते आणि ओठ हलत होते, पण शब्द नव्हते. मला अजून मधूनच तो हात आठवतो आणि मी आपला हात उघडमीट करून बघते.

जीव वाचला. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. वाचा येईल का, या प्रश्नाला हॉस्पिटलमध्ये प्रत्येक जण "बघू" म्हणायचा, आणि प्रत्येकाचं "बघू" वेगळं वाटायचं.

इकडे बिल्डिंगमधल्या आम्ही बायका रीतीप्रमाणे झाडू, फडकी घेऊन सरांच्या दारात गेलो. घरातली बाई हॉस्पिटलात म्हटल्यावर घर आवरून द्यायचं, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. सर दारात आडवे उभे राहिले.

"कशाला हात लावू नका."

"सर, निदान आतलं तरी…"

"कशालाही नाही. मी नीट बघितलं नव्हतं. आता बघतोय."

आत खवणी होती तशीच होती. तिच्याशेजारी अर्धी खवलेली नारळाची कवड, ताटलीत पांढरं खोबरं. हॉलमध्ये स्टुलावर तांब्या रिकामा, आणि भांडं त्याच्या बाजूला सुलटं उभं. संध्याकाळचं पाणी भरायची वेळच त्या दिवशी आली नव्हती. सरांनी कॅनव्हास लावला होता आणि हॉस्पिटलची भेटायची वेळ होईपर्यंत ते स्टुलापासून आतल्या खवणीपर्यंत सगळं काढत होते.

खोबरं पिवळं पडलं, मग काळं. मुंग्या आल्या, मग वास आला. सर काढत होते. मी डबा पाठवायचे तो ते बाहेर पॅसेजमध्ये उभ्यानं खायचे, कारण आत ताट ठेवलं असतं तर एक वस्तू वाढली असती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वासाबद्दल मेसेज यायला लागले. मला भीती वाटायची. सरांची नाही, त्या खोलीची. रात्री कूस बदलली की वाटायचं, आपल्या बरोब्बर खाली एक संध्याकाळ थांबून राहिली आहे.

एक दिवस धीर करून विचारलं, "सर, काय शोधताय?"

त्यांनी कपाटामागून एक जुनं चित्र काढलं. त्यांच्याच स्वयंपाकघराची भिंत, फळ्या, डबे. वरची फळी रिकामी होती आणि सगळे डबे खालच्या फळीवर दाटीवाटीनं आलेले. "हे झटक्याच्या आधीचं. क्लासमध्ये दाखवलं होतं. मी काय म्हणालो होतो, आठवतं?"

मला आठवत होतं. वरची जागा रिकामी ठेवली की चित्र श्वास घेतं, असं म्हणाले होते.

"तिचा हात वर जात नव्हता," सर म्हणाले. "म्हणून तिनं डबे खाली आणले. मला बोलली नाही. काढेन मी बापडी खालून, असं म्हणाली असेल मनात. पण डबे तर सांगत होते ना? मी समोर बसून ते काढले. एकेक डबा काढला. आणि म्हटलं, रचना सुधारली."

जगभरच्या मेणबत्त्या आणि लिंबं वाचणारा माणूस आपल्याच घरातल्या रव्याच्या डब्यापाशी चुकला होता, यावर शेजारणीनं काय बोलायचं? मी म्हटलं, "सर, चहा आणते," आणि वर आले. चहा करताना मी फार रडले.

काकूंना घरी सोडायचं ठरलं तेव्हा नाशिकहून मुलगी आली. दारातूनच तिनं नाकाला पदर लावला.

"बाबा, आईला या खोलीत आणायचं? मुंग्या चढतील तिच्या अंगावर."

"ती जिथे थांबली तिथूनच सुरू करेल," सर म्हणाले. "खोली बदललीस तर तिला तिची जागा सापडायची नाही."

"बाबा, तिला स्वच्छ चादर पाहिजे. डॉक्टरांनी इन्फेक्शनचं सांगितलंय. तुम्हाला कळतंय का मी काय बोलतेय?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी मुलीच्या बाजूनं बोलले. सर हॉस्पिटलला निघून गेले, आणि आम्ही दोघींनी कंबर कसली. खोबरं टाकलं, खवणी घासली, फिनेलनं दोनदा पुसलं. तांब्या-भांडंही घासलं, पण मुलीनं ते परत होतं तसंच ठेवलं: तांब्या स्टुलावर, भांडं बाजूला सुलटं. तेवढं तिनं बापासाठी केलं असावं.

सर परत आले तेव्हा सवयीप्रमाणे दारात थांबले. सगळी खोली नजरेखालून घातली. मग आत जाऊन कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि हातपाय धुवायला गेले.

काकू घरी आल्या. हॉलमध्येच पलंग लावला. क्लास बंदच होता. बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी सरांना सांगितलं, "ओळखीचं वाक्य अर्धं सोडून बघा. कधीकधी उरलेलं आपोआप बाहेर येतं." झालं, सर त्याच्यामागे लागले. संध्याकाळचं स्तोत्र म्हणायचे आणि शेवटचा शब्द गिळून थांबायचे. गावच्या देवाचं गाऱ्हाणं घातलं आणि उत्तरादाखलच्या "व्हय म्हाराजा"साठी थांबले. मुलीचं बारशाचं नाव अर्ध्यावर सोडलं. काकू खिडकीबाहेर बघायच्या. मग सर वस्तू घेऊन बसायचे. चमचा वर धरायचा. "अगं, हे काय?" चष्मा. "हे काय? बघ तरी." काकूंच्या डोळ्यांत राग यायचा आणि राग आला की पाणी यायचं. सरांचा सगळा जन्म वस्तूंना बोलतं करण्यात गेला, आणि आता वस्तूही गप्प आणि काकूही.

आणखी एक गोष्ट त्यांना छळत होती. "संध्याकाळ झाली की ती सारखी स्टुलाकडे बघते," मला म्हणाले. "तहान लागली म्हणावं तर पाणी दिलं की तोंड फिरवते. काय पाहिजे असेल हो तिला?" मलाही कळत नव्हतं. मुलगी संध्याकाळी तांब्या भरून ठेवायची. पाणी होतं, भांडं होतं, स्टूल हाताशी होतं. आम्ही तिघं शिकलेली माणसं त्या स्टुलाभोवती उभे राहून डोकं खाजवत होतो.

त्या दिवशी मी काकूंसाठी पेज घेऊन गेले होते. बाहेर दिवेलागण झाली होती. काकूंनी डावा हात पांघरुणातून काढला आणि स्टुलाकडे नेला. भांड्याला बोटं लागली, भांडं निसटलं आणि घरंगळत पलंगाखाली गेलं. सर ते काढून काकूंना पाणी ओतून द्यायला लागले. काकूंच्या घशातून एक आवाज आला, चिडलेला, नाही म्हणणारा. सर हातात भांडं धरून तसेच उभे. काकूंनी हात पुढे केला. सरांनी रिकामं भांडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते अंगावर टेकवून, खूप वेळ घेऊन, उलटं केलं आणि तांब्याच्या तोंडावर घातलं. नीट बसलं नाही, एका बाजूला कललं. काकूंनी हात परत पांघरुणात घेतला आणि डोळे मिटले.

सर खाली जमिनीवर बसले. त्यांनी कागद मागितला नाही, की पेन्सिल शोधली नाही. मुलगी आतून आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली, तेव्हा सर म्हणाले, "काही नाही. ती झोपतेय."

नंतर त्यांनी ते चित्र काढलं. भिंतीकडे तोंड केलेला कॅनव्हास सरळ करून त्याच्यावरच काढलं. खोबरं, खवणी सगळं रंगाखाली गेलं. उरलं एक स्टूल, तांब्या आणि त्याच्यावर उपडं भांडं. काकू अजून बोलत नव्हत्या. पण सरांनी क्लास पुन्हा सुरू केला. काकूंना आतल्या खोलीत हलवलं, दार उघडं ठेवलं, आणि आम्ही जुने विद्यार्थी हॉलमध्ये दबक्या आवाजात बसलो. कुणाची थट्टा करायची हिंमत नव्हती. सर्वांचं अर्धं लक्ष आत.

त्यात एक बाई नवीन होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "सर, भांडं जरा वाकडं आलंय ना? आणि हे उपडं का? याचा काही अर्थ असतो का?"

आम्ही सगळ्यांनी ब्रश खाली ठेवले. आता सर सुरू होणार. मिटलेला दिवस, मिटलेले ओठ. मिटलेले ओठ हे शब्द आज त्या घरात कसे ऐकायचे?

सरांनी चित्राकडे बघितलं. आतून शेरा यायची जी वेळ असायची तेवढा वेळ थांबले.

"काय्येक नाय," सर म्हणाले. गाऱ्हाणं सोडलं तर त्यांच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदा ऐकत होते. "पाण्यात…"

त्यांनी मान खाली घातली. मी उठून त्यांना पाणी द्यावं की काय, अशा विचारात अर्धवट उठलेसुद्धा.

आणि आतून, जड जिभेनं, एकेक अक्षर ढकलत ढकलत आवाज आला, "झु… रळ."

सरांनी हातातला ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला, पाठ ताठ केली आणि शाळेत इतकी वर्षं म्हणत आले असतील त्याच आवाजात, दाराकडे बघून म्हणाले, "बरोबर."